मूतखडा आणि आतड्यांतील जिवाणू: दही, प्रोबायोटिक आणि पथ्य यांची सांगड कशी घालावी

मूतखडा झाल्याचे सोनोग्राफीत दिसले की ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, डॉक्टरांच्या चिठ्ठीबरोबर सल्ल्यांची दुसरी यादीही हातात पडते. टोमॅटो बंद, दूध-दही बंद, कुळथाचे कढण सुरू, सकाळी अनशापोटी पानफुटीची पाने, आणि अलीकडे या सर्वांच्या जोडीला प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयुक्त जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूल. या यादीतील दूध-दही बंद करण्याचा सल्ला सर्वाधिक नुकसानकारक असून प्रोबायोटिकचा सल्ला अर्धवट खरा आहे. आतड्यांतील जिवाणूंचा मूतखड्याशी संबंध आहे, यात शंका नाही. मात्र त्या संबंधाचा फायदा आज तरी कॅप्सूलपेक्षा जेवणाच्या ताटातून आणि औषधांच्या विचारपूर्वक वापरातून अधिक मिळतो. तो कसा मिळवावा, हे पुढे सांगितले आहे. ज्यांचा एखादा खडा पडून गेला आहे आणि ज्यांना दुसरा नको आहे, त्यांना हे विशेष उपयोगी पडेल.

आधी खडा कोणत्या प्रकारचा आहे ते पाहावे

सुमारे 70 ते 80 टक्के मूतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, आणि आतड्यांतील जिवाणूंची ही सारी चर्चा मुख्यतः त्यांनाच लागू पडते. युरिक आम्लाच्या खड्यात लघवीची आम्लता हा मुख्य प्रश्न असतो. लघवी अल्कधर्मी करणाऱ्या औषधांनी तो खडा पुष्कळदा विरघळतोही. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा असा कोणत्याही औषधाने, काढ्याने किंवा दह्याने विरघळत नाही. स्ट्रुव्हाइट नावाचा खडा प्रोटियससारख्या जिवाणूंच्या मूत्रमार्गातील संसर्गामुळे होतो. तेथे प्रतिजैविके द्यावीच लागतात आणि खडा पूर्णपणे काढावा लागतो. अशा रुग्णाने प्रतिजैविके टाळण्याविषयीचा पुढील भाग स्वतःला लावून घेऊ नये.

म्हणून खडा पडण्याची शक्यता असेल त्या दिवसांत लघवी चहाच्या जुन्या, बारीक जाळीच्या गाळणीतून गाळावी. ज्वारीच्या दाण्याहून लहान, खडबडीत, तपकिरी कण सापडला तरी तो कोरड्या डबीत ठेवून डॉक्टरांच्या सल्ल्याने पृथक्करणासाठी प्रयोगशाळेत द्यावा. अनेकजण तो घरच्यांना दाखवून फेकून देतात आणि पुढची कित्येक वर्षे पथ्य अंदाजाने चालते.

जिवाणू नेमके काय करतात

ऑक्झलेट दोन मार्गांनी शरीरात येते: काही यकृतात तयार होते आणि काही अन्नातून शोषले जाते. माणसाच्या पेशींकडे ऑक्झलेट मोडणारे विकर (एन्झाइम) नाही. त्यामुळे जे रक्तात आले ते मुख्यतः मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते आणि लघवीत कॅल्शियमला भेटून त्याचे स्फटिक बनतात. आतड्यांतील काही जिवाणूंकडे मात्र हे विकर असते. त्यांतील सर्वांत ठळक ऑक्झॅलोबॅक्टर फॉर्मिजिनिस. हा जिवाणू प्रथम मेंढीच्या पोटात सापडला आणि 1985 मध्ये त्याचे शास्त्रीय नामकरण झाले. ऑक्झलेट हेच त्याचे अन्न असल्याने तो ते मोडून फॉर्मेट आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतो. शिवाय रक्तातील ऑक्झलेट उलट आतड्यात ओढून घेण्यास तो आतड्याच्या अस्तराला प्रवृत्त करतो, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे.

2008 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वारंवार खडे होणाऱ्या 247 रुग्णांपैकी 17 टक्क्यांच्या शौचात हा जिवाणू सापडला, तर खडे नसलेल्या 259 जणांमध्ये हे प्रमाण 38 टक्के होते. उत्तर भारतातील रुग्णांवरील, 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा कलही असाच होता. मात्र ज्या निरोगी माणसांत हा जिवाणू नव्हता त्यांचे प्रमाणही वरच्या आकड्यांत 62 टक्के भरते, हे विसरू नये. जिवाणू नाही म्हणून खडा होणारच असे नाही. आतड्यात ऑक्झलेट मोडणारा तो एकटाही नाही. लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडोबॅक्टेरियम यांच्या काही जातींकडेही ती क्षमता आहे. फरक इतकाच की त्यांचे पोट ऑक्झलेटवर चालत नाही, त्यामुळे दुसरे सोपे अन्न समोर असताना ते या कामाला हात लावतीलच याची खात्री देता येत नाही.

ताटातले कॅल्शियम कमी करू नये

खड्यात कॅल्शियम आहे म्हणून दूध, दही, पनीर सोडावे, हा तर्क वरवर बिनतोड वाटतो, पण प्रत्यक्षात तो उलटा पडतो. अन्नातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते आणि ती जोडी शोषली न जाता शौचावाटे निघून जाते. ताटात कॅल्शियम कमी असेल, तर मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात शिरते. 1993 मध्ये 45,619 पुरुषांच्या पाहणीत आहारातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना खडे कमी झाल्याचे दिसले. इटलीत वारंवार खडे होणाऱ्या 120 पुरुषांवर पाच वर्षे चाललेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी कॅल्शियमच्या पथ्यावरील 60 जणांपैकी 23 जणांना पुन्हा खडा झाला; पुरेसे कॅल्शियम, कमी मीठ आणि कमी मांसाहार या पथ्यावरील 60 जणांपैकी फक्त 12 जणांना झाला. दूध बंद करायला सांगणाऱ्या शेजाऱ्यांना हे आकडे अवश्य ऐकवावेत.

प्रौढ माणसाने दिवसाला 1000 ते 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम आहारातून घ्यावे, आणि ते जेवणाबरोबरच पोटात जावे. रात्री झोपताना पेलाभर दूध पिण्याने हाडांना कॅल्शियम मिळेल, परंतु दुपारच्या पालकाच्या भाजीतील ऑक्झलेट तोवर पुढे गेलेले असते. दुपारी आणि रात्री प्रत्येक जेवणात वाटीभर दही किंवा मोठा पेला ताक ठेवणे, हा यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे. हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या सुरू असतील, तर त्या जेवणाबरोबर घेता येतील का, हे डॉक्टरांना विचारावे.

भाज्यांपैकी सर्वांत जपून खायची ती पालक. तिच्यात ऑक्झलेट इतके जास्त असते की रोज सकाळी पालकाचा कच्चा रस पिण्याची टूम खडा झालेल्यांनी ताबडतोब सोडावी. अळू, राजगिरा, आंबटचुका, बीट, रताळे, शेंगदाणे, बदाम आणि काजू हेही याच वर्गातले. टोमॅटो या यादीत नाही. त्यातील ऑक्झलेट अगदी थोडे असते, आणि बियांचे खडे होतात हा तर निव्वळ गैरसमज आहे. मेथी, कोबी, फ्लॉवर, दुधी आणि काकडी निर्धास्त खाव्यात.

श्रावण लागला की जांभळी नाक्याच्या बाजारात अळूच्या जुड्यांचे ढीग लागतात आणि गौरी-गणपतीपर्यंत घरोघरी अळवाचे फदफदे होत राहते. अळू चिरताना हाताला खाज सुटते ती त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे. या सुया पाण्यात विरघळत नाहीत आणि फारशा शोषल्याही जात नाहीत. खड्याच्या दृष्टीने घातक असते ते विरघळणारे ऑक्झलेट, आणि त्याचा बंदोबस्त स्वयंपाकघरातच करता येतो. पाने भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यावे. भाज्यांच्या प्रकारानुसार विरघळणारे ऑक्झलेट याने 30 ते 87 टक्के कमी होते, असे 2005 मधील एका अभ्यासात दिसले. वाफवून इतका फरक पडत नाही, आणि जीवनसत्त्वे जातील म्हणून तेच पाणी वरणात वापरण्याची काटकसर येथे करू नये. त्यानंतर भाजी चिंच-गुळाऐवजी ताकात करावी. पालकाची किंवा अळवाची ताकातली पातळ भाजी आपल्याकडे पूर्वापार आहेच. ताकातले कॅल्शियम उरलेल्या ऑक्झलेटला पातेल्यातच गाठते. तिच्यात शेंगदाणे घालण्याची पद्धत आहे, तेवढी या घरात मोडावी.

उपासाच्या दिवशी वेगळीच अडचण येते. शेंगदाण्याच्या कुटाने माखलेली साबुदाण्याची खिचडी, सोबत राजगिऱ्याचा लाडू, दुपारी रताळ्याचा कीस आणि दिवसभर पाणी बेताचे, अशा एका एकादशीला ऑक्झलेटची उधळण होते. उपास सोडण्याची गरज नाही. वरीचा भात आणि ताक, दुधातला भोपळा, फळे आणि दही असा फराळ ठेवला, तर उपासही होतो आणि पथ्यही राहते. निर्जळी मात्र करू नये.

मिठाकडे लक्ष न देता केलेला हा सारा आटापिटा निम्मा वाया जातो, कारण जास्त मीठ पोटात गेले की मूत्रपिंडे लघवीत जास्त कॅल्शियम सोडतात. लोणचे, पापड, फरसाण आणि वरून पेरलेले मीठ यांचा हिशोब धरून दिवसाला एक चमचाभर, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम, ही मर्यादा ठेवावी.

दह्याकडून काय अपेक्षा ठेवावी

घरच्या दह्यातून दोन गोष्टी मिळतात, कॅल्शियम आणि जिवंत जिवाणू, आणि या दोहोंचा हिशोब वेगळा ठेवावा. कॅल्शियमचे काम भरवशाचे आहे. कढी उकळली, ताकातली भाजी शिजवली, तरी कॅल्शियम जागेवर राहते. जिवाणू मात्र मरतात. इडली आणि ढोकळ्याच्या आंबवलेल्या पिठाचेही वाफेवर तेच होते. दुकानात सामान्य तापमानाला महिनोन्‌महिने टिकणारे खोक्यातले ताक उष्णतेची प्रक्रिया केलेले असते आणि त्यात जिवंत विरजण उरत नाही. शिवाय मसाला ताकात मीठ भरपूर असते.

जिवंत जिवाणू हवे असतील, तर दही घरीच लावावे. दूध उकळून बोटाला सोसवेल इतके कोमट झाले की अर्ध्या लिटरला चमचाभर विरजण घालून नीट ढवळावे आणि भांडे हलवू नये. ठाण्याच्या मे महिन्यातील उकाड्यात चार-पाच तासांत दही लागते आणि त्यानंतर बाहेर राहिले तर भराभर आंबते, म्हणून सकाळी लावलेले दही दुपारी फ्रिजमध्ये गेलेच पाहिजे. हे दही मीठ न घालता, जेवताना, कच्चेच खावे.

विरजणातील जिवाणू बहुधा आतड्यात मुक्काम करीत नाहीत, काही दिवस वावरून निघून जातात. प्रत्येक घरच्या विरजणातील जाती निराळ्या असतात आणि त्या ऑक्झलेट मोडतात की नाही हे चवीवरून किंवा घट्टपणावरून कळत नाही. दही खाण्यामागचे मुख्य कारण कॅल्शियमच राहू द्यावे.

कॅप्सूल घ्यावी का

2001 मध्ये सहा रुग्णांवर केलेल्या एका छोट्या प्रयोगात लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंच्या मिश्रणाने लघवीतील ऑक्झलेट घटल्याचे दिसले आणि आशा निर्माण झाली. त्यानंतर 2007 मध्ये औषध आणि बनावट पूड अशी तुलना करून झालेल्या चाचणीत त्याच धर्तीच्या मिश्रणाचा उपयोग दिसला नाही. 2010 मधील चाचणीत ऑक्झलेट कमी झाले ते आहारामुळे. प्रोबायोटिकने त्यात भर घातली नाही. जन्मजात दोषामुळे यकृतात ऑक्झलेट अतोनात तयार होणाऱ्या रुग्णांना प्रत्यक्ष ऑक्झॅलोबॅक्टर देऊन झालेल्या चाचण्यांतूनही अपेक्षित फळ मिळाले नाही. हा जिवाणू ऑक्सिजन सोसत नाही आणि औषधाच्या दुकानातील नेहमीच्या कॅप्सूलमध्ये तो नसतो. जुलाबासाठी मिळणारी बॅसिलस क्लॉसीची छोटी बाटली किंवा सॅकरोमायसिसची पुडी यांचे काम वेगळे आहे.

वाळवंटी भागातील एका जातीचा रानउंदीर ऑक्झलेटने भरलेले निवडुंग खाऊन सुखाने जगतो. त्याच्या आतड्यातील संपूर्ण जिवाणूसमूह प्रयोगशाळेतील उंदरांना दिल्यावर त्यांचीही ऑक्झलेट पचवण्याची ताकद वाढली आणि ती बराच काळ टिकली. एखाद-दुसऱ्या जातीपेक्षा पूर्ण समूह महत्त्वाचा असावा, असा याचा रोख आहे, आणि कॅप्सूल कमी पडण्याचे कारणही बहुधा यातच आहे.

तरीही घेऊन पाहायची असेल, तर वेष्टनावर जिवाणूचे केवळ घराणे नव्हे तर जाती आणि उपजातीचा क्रमांकही छापलेला आहे का, तसेच जिवंत जिवाणूंची संख्या वापराच्या अंतिम तारखेपर्यंतची दिली आहे का, हे पाहावे. ‘किडनीसाठी’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या खोक्यावर हीच माहिती बारीक अक्षरांतही नसेल, तर ते दुकानदाराला परत द्यावे. प्रत्यारोपण झालेल्या, केमोथेरपी चालू असलेल्या किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही प्रोबायोटिक घेऊ नये.

प्रतिजैविके: असलेले जिवाणू राखावेत

नवे जिवाणू आणण्यापेक्षा असलेले टिकवणे अधिक हाती आहे. ब्रिटनमधील नोंदींवर आधारित, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तोंडाने घ्यायच्या पाच गटांतील प्रतिजैविकांनंतर मूतखड्याचा धोका वाढलेला दिसला: सल्फा, सेफलोस्पोरिन, फ्लुरोक्विनोलोन, नायट्रोफ्युरँटोइन आणि व्यापक परिणामाची पेनिसिलिन. सल्फा गटात हा धोका दुपटीहून अधिक होता, आणि कमी वयात औषध घेतलेल्यांत संबंध अधिक ठळक होता. जठरातील एच. पायलोरी या जंतूवर दिल्या जाणाऱ्या क्लॅरिथ्रोमायसिनयुक्त उपचारानंतर ऑक्झॅलोबॅक्टर नाहीसा होतो आणि अनेकांत महिनोन्‌महिने परतत नाही, असेही दिसले आहे.

याचा व्यवहारातील अर्थ एवढाच की सर्दी-खोकला किंवा एका दिवसाचे जुलाब यांसाठी नाक्यावरच्या दुकानातून स्वतःहून गोळ्या आणू नयेत, आणि फॅमिली डॉक्टरांकडे गेल्यावर ‘मला खडे होतात, प्रतिजैविकाशिवाय भागेल का’ असे सरळ विचारावे. गरज आहे असे त्यांनी सांगितले, तर ठरलेल्या दिवसांपर्यंत औषध पूर्ण घ्यावे. मूत्रमार्गाच्या संसर्गात तर टाळाटाळ अजिबात करू नये. औषध संपल्यावर लगेच प्रोबायोटिकचा मारा करणेही नेहमीच हिताचे नसते: इस्राएलमधील 2018 च्या एका अभ्यासात प्रतिजैविकानंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांचे मूळचे जिवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला.

पाणी आणि प्रवास

दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे, हा निकष कोणत्याही जिवाणूपेक्षा मोठा आहे. इटलीतील 199 रुग्णांवर पाच वर्षे चाललेल्या चाचणीत भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी 12 टक्क्यांना आणि इतरांपैकी 27 टक्क्यांना पुन्हा खडा झाला. किती प्यायलो यापेक्षा किती झाली हे मोजावे, कारण ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत किंवा तुर्भे-रबाळ्याच्या कारखान्यांत घाम किती जातो याचा नेम नसतो. स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पाणी टाळण्याची सवय, विशेषतः नोकरी करणाऱ्या स्त्रियांत, फार दिसते. त्यांनी निघण्यापूर्वी एकदम ढोसण्याऐवजी कार्यालयात पोहोचल्यापासून संध्याकाळपर्यंत दर तासाला पेलाभर आणि रात्री झोपताना आणखी एक पेला, असे वाटून घ्यावे. त्यातल्या एक-दोन पेल्यांत साखर-मिठाविना लिंबू पिळावे. त्यातील सायट्रेट स्फटिक बनू देत नाही. घोडबंदर रस्त्यावरील अनेक संकुलांत टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी येते आणि खड्यांचे खापर त्याच्यावर फोडले जाते. जड पाण्याने खडे लक्षणीय वाढतात असे संशोधनातून सिद्ध झालेले नाही. पाणी कमी पिण्याने मात्र नक्की वाढतात.

खडा अडकला असेल तेव्हा

कळा सुरू असताना वरील काहीही उपयोगाचे नाही. पाच मिलिमीटरपर्यंतचा खडा बहुतेक वेळा आपोआप पडतो, त्याहून मोठ्यासाठी डॉक्टर औषध, लेझर किंवा दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवतात. कळांसोबत थंडी-ताप आला, लघवी बंद झाली, उलट्या थांबेनात किंवा रुग्णाला एकच मूत्रपिंड असेल, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.

मोजून ठरवावे

पथ्य लागू पडते आहे का, हे चोवीस तासांच्या लघवीच्या तपासणीतून कळते. सकाळची पहिली लघवी टाकून वेळ लिहून ठेवावी, त्यानंतरची प्रत्येक लघवी प्रयोगशाळेने दिलेल्या कॅनमध्ये जमवावी आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची लघवी धरून थांबावे. कॅनमध्ये आधीपासून आम्ल घातलेले असू शकते, म्हणून त्यात थेट लघवी करू नये. वेगळ्या भांड्यात घेऊन ओतावी. सोयीसाठी बहुतेकजण रविवार निवडतात. त्या दिवशी घरी बसून पाणी भरपूर प्यायले जाते आणि अहवाल खोटा दिलासा देतो, म्हणून शक्य असल्यास एक तपासणी कामाच्या दिवसाची करावी.

अहवालात लघवीचे एकूण प्रमाण, ऑक्झलेट, कॅल्शियम, सायट्रेट आणि सोडियम हे आकडे पाहावेत. ऑक्झलेट दिवसाला सुमारे 40 ते 45 मिलिग्रॅमच्या वर असेल, तर जेवणातील कॅल्शियम आणि भाज्यांची निवड यांवर भर द्यावा. जाहिरातीतील व्हिटॅमिन सीच्या 1000 मिलिग्रॅमच्या गोळ्या रोज घेत असल्यास त्या थांबवाव्यात, कारण त्यांचे शरीरात ऑक्झलेट होते. ऑक्झलेट मुळातच मर्यादेत असेल, तर प्रोबायोटिकने कमी करण्यासारखे काही उरत नाही. तेव्हा पाणी, मीठ आणि सायट्रेट यांकडे वळावे. कॅप्सूल सुरू करायचीच असेल, तर आधी आहार बदलून एक अहवाल घ्यावा, मग बाकी काही न बदलता दोन-तीन महिने कॅप्सूल घेऊन दुसरा घ्यावा, आणि ऑक्झलेटचा आकडा तिथेच असेल तर ती बंद करावी.